बऱ्या झालेल्या बायका

तळेगाव ढमढेरे,
रविवार, २४ नोव्हेंबर २००२

दादा,

जयभीम. सम्राटचा खोकला थांबला का? वहिनींना सांग, लोणच्याची बरणी मिळाली, स्नेहलनं निम्मी संपवलीसुद्धा. यांना या आठवड्यात रांजणगावला दुसरी पाळी आहे, त्यामुळं दुपारी घर शांत असतं आणि मला लिहायला बसता येतं. दिवाळीच्या सुट्टीत ठरल्याप्रमाणं मी शिरूरला आले नाही. शाळेचं शिबिर होतं असं वहिनींना सांगितलं होतं. सध्या तेच कारण धर. इकडं सगळं ठीक. आईही ठीक आहे.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. आई ठीक आहे. जेवते, झोपते, शेजारणींशी भांडते, रेडिओवरच्या बातम्या ऐकून सरकारला शिव्या घालते. तिच्या डोक्याला काहीही झालेलं नाही.

तुझी चिठ्ठी शुक्रवारी तुझ्या कंपाउंडरनं शाळेत आणून दिली, सगळ्या स्टाफसमोर. ‘आईचं मानसिक संतुलन ढळलंय, पुण्याला चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवं, तुझं ती ऐकते, तू समजूत घाल.’ खाली सही, डॉ. सतीश. सख्ख्या बहिणीला आईबद्दल लिहितानाही तुला डॉक्टर लिहावं लागतं? फोनवर मी विषय काढला की ‘पेशंट आहे’ म्हणून तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. रागानं लिहितेय, हे आधीच सांगते. फाडलंस तर फाड, पण वाचून फाड.

आई तुझ्या दवाखान्यात काय करत होती, ते तू एका ओळीत उरकलंस. ‘पेशंट भडकवते आणि पळवून लावते.’ मी आईला विचारलं. शिरूरला येऊन तुझ्या समोरच्या मेडिकलवाल्यालाही विचारलं, कारण आईचं एकटीचं तू खरं मानणार नाहीस. दोघांचं सांगणं एकच.

ती राहूहून जीपनं पारगावला यायची, तिथून एस.टी.नं न्हावऱ्यावरून शिरूरला. धुतलेलं पातळ, पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली. बाकावर बायकांच्या मध्ये जाऊन बसायची. शेजारणीला विचारायची, “कुठली गं तू? काय हुतंय तुला?”

“अंगावरून पांढरं जातंय मावशे. कंबर लई दुखती.”

“डॉक्टर काय म्हणला?”

“पिशवी खराब झालीय म्हणला. काढावी लागंल. न्हाईतर पुढं कॅन्सर व्हतो.”

“वय काय तुझं?”

“आसंल तीस-बत्तीस.”

मग आई तिला म्हणायची, “घाई करू नगं. आधी पुण्याला मोठ्या सरकारी इस्पितळात दाखव. त्यांनीबी काढ म्हणलं, तर मंग काढ.”

एवढंच. दुसऱ्या डॉक्टरला विचार म्हणणं हे भडकावणं असेल तर मग मी शाळेत रोज मुलांना भडकावते. मी त्यांना शिकवते, उत्तर आलं की ताळा करून बघा.

एका बाईनं तिला विचारलं, “तुमी कोन, आज्जी?” आई म्हणाली, “मी डॉक्टरची आय हाय.” ती बाई उठली आणि चपला घालून निघून गेली. मेडिकलवाला हे सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही. हे वाक्य बोलताना आईचा जीव कसा झाला असेल, याचा विचार तू केलास का? गेली बारा वर्षं ती हेच वाक्य छाती फुगवून बोलत आली. जीपमध्ये, लग्नात, दळणाच्या रांगेत. ‘मी डॉक्टरची आय हाय.’ तेच वाक्य आता बायका उठून जाव्यात, यासाठी ती वापरतेय.

तू बाहेर आलास. “आई, इथं काय बसतेस, वर घरी जा, चहा घे,” म्हणालास. ती म्हणाली, “मी नंबर लावलाय. नंबर आला की येते.” आणि नंबर आल्यावर ती आत येऊन तुझ्यासमोर स्टुलावर बसली. हा भाग तू चिठ्ठीत लिहिला नाहीस. तिनं तुला विचारलं, “सत्या, माझीबी पिशवी काढायची का? समद्यांची काढतूस, माझीच का ठिवलीस?” तू सिस्टरला बाहेर पाठवलंस, दार लावलंस आणि आईला म्हणालास, “तुझं डोकं फिरलंय.”

तिथून ही मानसोपचाराची कल्पना आली. होय ना?

आता मे महिन्यापासून सांगते. तुला सगळं माहीत आहे, पण तू ते ज्या पद्धतीनं माहीत करून घेतलंस, तेच मला तुझ्यापुढं मांडायचंय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू मला म्हणालास, “माया, कोल्हापूरला परिषद आहे. सगळ्या शाखांचे डॉक्टर येणार. डोळ्यांचे डॉक्टर मोतीबिंदूच्या पेशंटचं पुढं काय झालं ते सांगणार, हाडांचे डॉक्टर मोडलेल्या मांड्यांचं सांगणार. मी पिशवीच्या ऑपरेशनांवर पेपर वाचणार आहे. तू बायकांकडं जाऊन ये, पुढं तब्येत कशी आहे ते विचार. बाई बाईशी बोलते.” मला केवढा आनंद झाला होता! वाटलं, आपला दादा खेड्यातल्या बायकांची विचारपूस करायला माणूस पाठवतोय. असा डॉक्टर कुठं असतो?

मी गेले. उन्हातान्हात राहू, भांडगाव, तळेगाव, न्हावरं केलं. भांडगावच्या वच्छलाबाई खरंच बऱ्या आहेत. त्यांच्या पोटात नारळाएवढी गाठ होती, रक्त जाऊन जाऊन त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आता त्या उसाची मोळी उचलतात आणि तुझं नाव निघालं की हात जोडतात. हे मी तुला सांगितलं होतं आणि आताही लिहितेय, म्हणजे तू म्हणायला नको की माया फक्त वाईटच वेचून आणते.

पण राहूच्या अनसाबाई? त्यांना काय झालं होतं? पाळीत पोटात दुखायचं. चौतिसाव्या वर्षी तू पिशवी काढलीस, अंडाशयंही काढलीस. आता चाळिशीही आली नाही आणि त्यांना अंगातून वाफा येतात, हाडं ठणकतात, पायऱ्या धरून चढाव्या लागतात. सिंधूबाई मला म्हणाल्या, “मॅडम, आदी कंबर दुखायची. आता कंबरबी दुखती आन् पिशवीबी न्हाई.” त्यांच्या जावेची, नणंदेचीही तूच काढलीस. एका घरातल्या तीन बायका, दादा. तीन बायकांच्या पिशव्या एकाच वर्षी खराब होतात? विहिरीच्या पाण्यात काही होतं का?

आणि गिताबाई. तिचं नंतर लिहिते.

मी हे सगळं तुला तुझ्या घरी येऊन सांगितलं. तू जेवत होतास. वहिनी वाढत होत्या. तू मध्येच थांबवून म्हणालास, “अगं, त्या तक्रारी वयाच्या असतात. आणि ज्या बायका परत दवाखान्यात आल्या नाहीत त्या बऱ्या झाल्या ना? बरं नसतं तर आल्या असत्या.”

मी म्हणाले, “दादा, त्या येत नाहीत कारण त्यांना वाटतं हे असंच असतं.”

तू म्हणालास, “वहिनीला सांग, ताक दे.”

कोल्हापूरला तू काय वाचलंस ते मला शिरूरच्या साप्ताहिकातून कळलं. ‘बहुसंख्य रुग्ण पूर्णपणे समाधानी. गंभीर गुंतागुंत एकही नाही.’ तुला शाल मिळाली, फोटो आला. आणि शेवटी, ‘रुग्णांच्या प्रत्यक्ष भेटी घेणाऱ्या त्यांच्या भगिनी सौ. माया यांचे त्यांनी आभार मानले.’ हेडमास्तरांनी शिक्षकांच्या बैठकीत टाळ्या वाजवायला लावल्या. मी उभी होते. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला अनसाबाईंचे पाय दिसत होते. माझं नाव घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं? मी एक सांगितलं, तू दुसरं वाचलंस आणि त्यावर माझ्या नावाचा शिक्का मारलास.

चिठ्ठीच्या शेवटी तू आणखी एक वाक्य लिहिलंयस. ‘या गल्लीतले सगळेच डॉक्टर हे करतात, त्यांना कुणी विचारत नाही. आपला माणूस वर आला की आपलेच लोक पाय ओढतात.’ दादा, हे वाक्य मी दहादा वाचलं. त्यात खोटं किती आणि खरं किती ते मला कळतं. बाकीचेही करतात, खरं आहे. त्यांना कुणी जाब विचारत नाही, तेही खरं. त्यांचाही राग येतो मला. पण त्यांच्याकडं आपल्या वस्तीतल्या बायका जात नव्हत्या. का ते तुला सांगायला हवं? नाडी बघताना पातळावरून मनगट धरणारे डॉक्टर आईनं पाहिलेत. स्टुल दाराबाहेर ठेवणारे पाहिलेत. आबा रेल्वेत गँगमन होते तेव्हा त्यांच्या जखमेवर लांबून औषध ओतणारा कंपाउंडर मी स्वतः पाहिलाय. तू दवाखाना काढलास तेव्हा बायका म्हणाल्या, हा आपला हाय, हा हात लावून बघंल. तू हात लावलास. म्हणून त्या आल्या. त्या विश्वासावर तू सुरी चालवलीस आणि आता म्हणतोस, पाय ओढतात.

आता गिताबाई.

ती आपल्या घरामागं राहते, विष्णूची बायको, तुला आठवत असेल. नसेलही. वय एकतीस. अंगावरून पांढरं जायचं म्हणून कुरकुरायची. आई तिला म्हणाली, “चल, माझा पोरगा बघंल. दुसरीकडं कशाला जातीस?” आईच तिला हाताला धरून घेऊन आली होती, जानेवारीत. तू पोटाला हात लावून म्हणालास, “काढून टाकू, कायमची कटकट जाईल.” आईसमोर म्हणालास. आईनं तिला धीर दिला. ऑपरेशनच्या वेळी आई बाहेर बसून होती, गिताबाईची पोरगी मांडीवर घेऊन.

दहा-बारा दिवसांनी तिची लघवी गळायला लागली. थांबतच नाही. बसली तरी, उठली तरी, झोपली तरी. ती दोनदा तुझ्या दवाखान्यात आली. सिस्टरनं गोळ्या दिल्या आणि ‘जखम ओली असते, थांबेल’ म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती आली नाही. म्हणजे तुझ्या हिशेबानं ती बरी झाली.

विष्णूनं तिची खाट शेरडांच्या गोठ्यात टाकली. वास येतो म्हणाला. सासूनं भांडी वेगळी केली. वेगळी भांडी, दादा. आपल्या वस्तीत, आपल्याच माणसांनी. गिरणीत बायका तिच्यापासून सरकून उभ्या राहायच्या, मग तिनं जाणंच सोडलं. गळू नये म्हणून तिनं पाणी पिणं सोडलं. मे महिन्यात मी तिच्याकडं गेले तेव्हा ती मला म्हणाली, “ताई, लांब बसा.” मी हे तुला त्याच जेवणाच्या वेळी सांगितलं होतं. ताकाच्या आधी.

आई तेव्हापासून तिला रोज भाकरी नेऊन द्यायची. कुणाशी काही बोलायची नाही. साप्ताहिकातली तुझ्या फोटोखालची बातमी मी तिला वाचून दाखवली, कारण तिनं मागितली. ‘गंभीर गुंतागुंत एकही नाही’ म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, म्हणजे एकाही बाईला मोठा त्रास झाला नाही. ती उठली, गोठ्यात गेली आणि गिताबाईला घेऊन आली. सासू आडवी आली तर तिला म्हणाली, “व्हय बाजूला. माझ्या पोरानं बिघडवलंय, माझ्या घरात ऱ्हाईल.”

तुझ्या खोलीत, दादा. तू येशील तेव्हासाठी आई जी खोली झाडून-पुसून ठेवते, जिथं तुझी पदवीची तसबीर आहे, तिथं गिताबाई तुझ्या पलंगावर झोपते. हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही. आई रोज चादरी धुते. आणि त्यानंतर आठवड्याभरानं ती तुझ्या बाकावर येऊन बसली. आता सांग, कुणाचं डोकं फिरलंय?

एक गोष्ट राहिली. ती लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण अर्धवट लिहिलं तर मी तुझ्यासारखी होईन.

दिवाळीच्या सुट्टीत शिबिर वगैरे काही नव्हतं. तू माझं ऑपरेशन ठरवलं होतंस. पाळीत रक्त फार जातं म्हणून मी तुला दाखवलं, तू सोनोग्राफीही न करता म्हणालास, “आणखी मूल नको म्हणालीस ना? मग काढून टाकू. कशाला त्रास सोसायचा?” मी तयार होते. बॅग भरली होती. गिताबाईला पुण्याच्या सरकारी इस्पितळात दाखवायला घेऊन गेले, तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंना सहज म्हणून माझंही दाखवलं. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, “काढायला काय झालंय? पिशवी चांगली आहे. तीन महिने गोळ्या घ्या, लोहाच्या गोळ्या घ्या.” दोन पाळ्या झाल्या. मी बरी आहे.

त्या दिवशी एस.टी.त बसून मी रडले, आणि ते वाचल्याच्या आनंदानं नाही. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होते की दादा लोभी झालाय. लोभी माणूस निदान बहिणीला तरी सोडतो. तू मला सोडणार नव्हतास. म्हणजे तुला खरोखरच वाटतं की हे बरोबर आहे. तू सुरी ठेवलीस की तुझ्यापुरती ती बाई संपते, दाराबाहेर पडली की बरी होते. एवढी वर्षं कधी मागं वळून कुणाच्या घरात डोकावला नाहीस, म्हणून तुझी इतकी खात्री आहे. लबाड माणसाला मी समजून घेतलं असतं. तुझी मला भीती वाटते.

गिताबाईचं दुरुस्तीचं ऑपरेशन पुण्यात होणार आहे, तारीख फेब्रुवारीत मिळाली आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं, पहिलं कुणी केलं. मी तुझं नाव सांगितलं. माझा भाऊ आहे, हेही सांगितलं.

आईला कुठल्याही डॉक्टरकडं नेणार नाही. पुन्हा बाकावर जायचं की नाही ते ती ठरवेल. तिला रोखायला कंपाउंडर पाठवलास तर तिच्या शेजारी मी बसेन, माझ्या नावासकट.

आणखी काही कळवायचं उरलेलं नाही.

आईच्या डोक्याची खात्री देणारी,
माया



राहू,
रविवार, ९ मार्च २००३

दादा,

आईच्या घरून लिहितेय. दहावीच्या परीक्षेचं काम चालू आहे, आज सुट्टी म्हणून आले. आई बाहेर तांदूळ निवडतेय. गिताबाई तिच्याजवळ बसलीय. जमिनीवर, अंगावर नेहमीचं पातळ, खाली प्लॅस्टिकचा कागद नाही.

माझ्या पहिल्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. डिसेंबरात वहिनी एकट्या आल्या होत्या. दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, “आत्या, मला काहीच सांगत नव्हते हे. मला बघू द्या तिला.” आई बाजूला झाली. वहिनी तासभर खोलीत बसल्या आणि जाताना चादरींचं गाठोडं घेऊन गेल्या, धुवून परत पाठवल्या. मला वाटतं त्यांनी तुला सगळं सांगितलं असावं. नाहीतर तू पुण्याला आला नसतास.

त्या दिवसाविषयी लिहायला बसलेय, कारण तू तुझ्या मनात तो दिवस काहीतरी वेगळाच करून ठेवशील. तुला ती सवय आहे.

ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. गिताबाईला नळी लावलेली होती. भेटायच्या वेळेत तू वॉर्डात आलास, हातात शहाळी. तू रांगेनं खाटा बघत येत होतास. दादा, तू तिला ओळखलं नाहीस. मी वॉर्डाच्या टोकाला उभी राहून बघत होते. तू तिच्या खाटेवरून पुढं गेलास, मग परत आलास आणि पाटीवरचं नाव वाचलंस. ज्या बाईचं पोट तू उघडलं होतंस, जी तुझ्यामुळं कित्येक महिने गोठ्यात राहिली, तिचं तोंड तुला माहीत नव्हतं. तुझं तोंड तिला लांबून कळलं. तिनं पदर ओढून घेतला.

तू विचारलंस, “कसं वाटतंय आता?”

ती पदराआडूनच म्हणाली, “हे मी दवाखान्यात आले हुते तवा इचारायचं हुतं, डॉक्टर. म्या दोनदा आले हुते.”

तू म्हणालास, “मला सिस्टरनं सांगितलं नाही.”

“सिस्टरच्या मागं काचंत तुमी दिसत हुता,” ती म्हणाली. “फोनवर बोलत हुता.”

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. तुला विचारलं, “तुम्ही यांचे कोण?” मला वाटलं होतं तू म्हणशील, गावचा आहे, ओळखीचा आहे. तू म्हणालास, “पहिलं ऑपरेशन मी केलं होतं.” हे तू म्हणालास, ते मी ऐकलं आणि ते मी विसरणार नाही. राग असला तरी ते मी तुझ्या बाजूला लिहून ठेवते. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी तुला स्टुल दिलं. म्हणाल्या, “बसा मग. सगळ्याच शाखांत हे असंच चालतं, टाके काढले की फाईल बंद. काही चुका कुणाच्याही हातून होतात, माझ्याही झाल्यात. पण ही बाई वर्षभर ओली राहिली, ही चूक ऑपरेशनमधली नाही. कुणी विचारलंच नाही, त्यातली आहे. आता ती सांगेल ते ऐकून जा.”

गिताबाईनं सांगितलं. गोठ्याचं, पाणी न पिण्याचं, पोरगी शाळेतून आली की लांबून बोलायची त्याचं. आवाज चढवला नाही. तू खाली बघत होतास. शेवटी तिनं विचारलं, “माझी पिशवी खरंच खराब हुती का, डॉक्टर?”

तू शहाळी खाटेखाली सरकवलीस आणि बाहेर गेलास.

व्हरांड्यात तू रडलास. मी आले तेव्हा खांबाला धरून उभा होतास. म्हणालास, “माया, मला खरंच माहीत नव्हतं गं.” मी तुझ्या पाठीवर हात ठेवला नाही, ते तुला लागलं असेल. लागू दे. मे महिन्यात मी सांगितलं होतं तेव्हा तुझ्या तोंडात घास होता, म्हणून तुला माहीत नव्हतं? कोल्हापूरला टाळ्या पडत होत्या तेव्हा माहीत नव्हतं? तुझं रडणं खरं होतं, हे मला दिसलं. पण गिताबाईच्या प्रश्नाचं उत्तर आत वॉर्डात द्यायचं होतं आणि तू रडायला बाहेर आलास. तिला ते दिसलंही नाही.

नळी काढली त्या दिवशी मी तिथं होते. सकाळी सिस्टरनं काढली आणि आम्ही वाट बघत बसलो. ती पलंगाच्या कडेला बसून होती, हलायला घाबरत होती. दुपारी मला म्हणाली, “ताई, हात लावून बघा. मला भरवसा वाटंना.” मी बघितलं. कोरडं होतं. ती पाणी प्यायली, मग आणखी पाणी प्यायली. सिस्टरनं दटावलं तरी तांब्या खाली ठेवीना.

गेल्या आठवड्यात विष्णू न्यायला आला होता. म्हणाला, “आता बरी झालीस तर चल घरी.” ती म्हणाली, “वली हुते तवा कुठं हुतास? माझ्या मनाला यील तवा यीन.” पोरगी इथंच येते, शाळा सुटली की. आई दोघींना वाढते. तुझी खोली अजून गिताबाईचीच आहे.

आता तुझी परवाची चिठ्ठी. ‘मी पिशवीची ऑपरेशनं सध्या थांबवली आहेत. परिषदेला कळवण्याचा विचार करतोय. आईला भेटायला यायचं आहे, ती भेटेल का विचार.’

विचारलं. आई तांदळातून डोकं वर न काढता म्हणाली, “माझ्याकडं कशाला? मी काय त्याची पेशंट हाय? त्याला म्हणावं, जिथं जायचं तिथं आदी जा.” मग एक खडा बाजूला टाकत म्हणाली, “मी येते त्याच्यासंगं. एकटा ग्येला तर बाया दार लावून घेतील.”

तिचं म्हणणं असं आहे. विचार करतोय, थांबवलंय, हे शब्द तिला नकोत. तू घरोघरी जायचं. अनसाबाईंकडं, सिंधूबाईंकडं, त्यांच्या जावेकडं, सगळ्यांकडं. ज्या परत आल्या नाहीत त्यांच्याकडं आधी. जमिनीवर बसायचं, चहा देतील तर प्यायचा, शिव्या देतील तर त्याही घ्यायच्या, आणि विचारायचं, पुढं काय झालं. त्या जे सांगतील ते जसंच्या तसं लिहायचं, आणि तेच कोल्हापुरात ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांना पाठवायचं. ज्यांना उपचार लागतील त्यांना तू स्वतः पुण्याला घेऊन जायचं. वच्छलाबाईंकडंही जा. बरी झालेली बाई कशी दिसते, तेही तुला बघायला हवं, म्हणजे बाकीच्यांना बरी म्हणताना जीभ अडखळेल.

पुढच्या रविवारी सकाळी आई आणि मी अनसाबाईंपासून सुरुवात करतोय. त्यांचा मळा गावापासून लांब आहे. स्टँडवरून वडापची पहिली जीप धरणार. दोघींनी ठरवलंय, तू आलास तरी जायचं, नाही आलास तरी जायचं.

तुझी गाडी आणू नकोस. जीपमध्ये तुझ्यासाठी जागा धरणार नाही. आलास तर मागं लटकून ये.

माया